पंचफुलाचे चिरूट

नागपूरजवळ, हिंगण्याच्या पलीकडे, नाल्याला लागून जी पंधरा-वीस घरं होती, तिथल्या सगळ्याच बाया विड्या वळायच्या. पण पंचफुलाचा हात वेगळा. कारखान्याचा तपासनीस तिची विडी उचलायचा, उलटीसुलटी करून बघायचा आणि काही खोट सापडत नाही म्हणून वैतागायचा. खोट काढणं हेच त्याचं काम. नापास विडीला छाट म्हणत, आणि छाट तो वळणारीच्या डोळ्यांसमोर मोडून टोपलीत टाकायचा. पंचफुलाच्या कट्ट्यांतून, म्हणजे विड्यांच्या जुड्यांतून, काहीच निघेना, की चांगल्यातल्याच चार-पाच मोडायचा, आपला दरारा राहावा म्हणून. बाकीच्या बाया हसून सोडून देत. पंचफुला घरी येऊन दोन दिवस धुमसत राहायची.

"पाच मोडल्या तं मोडल्या," तिचा नवरा लहानू म्हणायचा. "हजारातल्या पाच! त्यात का एवढं?"

"मोडा ना. पर वढून तं पाहा आधी! वढून पाह्यल्याबिगर नापास काहून करता?"

लहानू सायकलनं रोज शहरात, सदरला जायचा, ताराचंदच्या दुकानात कामाला. ताराचंदचं दुकान विडी-काडीचं नव्हतं बरं. काचेची कपाटं, मागं आरसा, आणि कपाटात दक्षिणेकडून आलेले चिरूट, लाकडी डब्यांत निजवलेले. गिऱ्हाईकं सगळी बंगल्यांतली, क्लबातली, कामठीच्या छावणीतली.

सदुसष्ट सालच्या उन्हाळ्यात लहानूनं त्यातला एक फुटका चिरूट घरी आणला. प्रवासात वरचं पान उललं होतं, म्हणून ताराचंदनं तो टाकून दिला होता. लहानूच्या मनात तो आंगणात ऐटीत बसून ओढायचा होता. पण हात-पाय धुऊन येतो तोवर पंचफुलानं चिरूट सुपात घेऊन पार सोलून ठेवलेला. वरचं पान एकीकडे, त्याच्या आतलं जाड पान दुसरीकडे, आणि पोटातली लांब लांब पानं तिसरीकडे, ओळीनं.

"अवं, हे का केलं?"

"मोठ्या मानसाची विडी हाये हे," पंचफुला म्हणाली. तिचं लक्ष नवऱ्याकडे नव्हतंच. "यात तेंदूचं पान नाईच. आत तमाखू, बाहेर तमाखू. दोराबी नाई. नुसत्या पानानं पान धरून ठेवलं." आणि तिनं ते सगळं पुन्हा वळून दाखवलं. उललेल्या पानाचा फाटका भाग कातरीनं काढला, उरलेलं तिरकं फिरवलं, टोकाला जरासा डिंक लावला.

लहानूनं तो ओढला नाही. दुसऱ्या दिवशी ताराचंदला नेऊन दिला. ताराचंदनं तो चष्मा लावून पाहिला, चष्मा काढून पाहिला आणि विचारलं, "ये किसने किया रे?"

"घरवालीनं."

"तिले सांग, एक चिरूट बनवून दे, अख्खा, आपल्या पानाचा. मी वढून पाहीन. चांगला असला तं या कपाटात ठेवीन."

लहानूनं हे घरी येऊन हसत हसत सांगितलं. पंचफुला मात्र हसली नाही. ओढून पाहीन असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

आता चिरूट म्हटला की तंबाखू आला. विडीचा भुरका तंबाखू तिथं कामाचा नाही, पान सबंध हवं, लांब-रुंद, मऊ. ताराचंदनं दक्षिणेतल्या दिंडीगलच्या आपल्या व्यापाऱ्याला लिहिलं. तिकडून पाकिटातून चिमूटभर बी आलं आणि इंग्रजीत चार पानी पत्र. ताराचंद ते हिंदीत सांगायचा, आणि लहानू संध्याकाळी वऱ्हाडीत. निम्मं पत्र सदर ते हिंगण्याच्या रस्त्यावरच सांडून यायचं.

बी आलं, तरी जमीन पाहिजे. जमीन होती लहानूच्या थोरल्या भावाच्या, नानाजींच्या ताब्यात. आणि इथं खरी पंचाईत होती, कारण पंचफुला नानाजींशी बोलत नसे. भांडण नव्हतं. भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, भावजयीनं बोलायचं नाही, ही रीतच होती. छप्पन साली सगळं घर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलं. आल्याबरोबर नानाजींनी स्वतःच्या हातानं देव्हारा भिंतीतून काढला, त्या जागी बाबासाहेबांचा फोटो लावला. पण ही रीत मात्र कुणाच्या ध्यानातच आली नाही, ती घरात राहून गेली. पंचफुलाला लग्न होऊन अठरा वर्षं झाली होती. त्या अठरा वर्षांत दोघांमधलं एकूण एक बोलणं थोरली जाऊ तुळसाबाई इकडून तिकडे पोचवत असे. तेही तिखटमीठ लावून.

तुळसाबाईनं निरोप नेला आणि उत्तर आणलं. "नाल्याकाठची पट्टी घे म्हणते. पर पुढल्या पोळ्यापावतर. पोळ्याले काटोलहून संत्र्याची कलमं येणार हायेत."

ती संत्री नानाजींच्या फार जिवाची होती. पंधरा वर्षं त्यांनी काटोलकडच्या बागांत दुसऱ्यांची संत्री तोडली होती. आपल्या वावरात आपलं एक तरी झाड असावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आणि निचऱ्याची, हलकी जमीन तेवढ्या पट्टीतच होती. म्हणजे एक पोळा ते दुसरा पोळा. तेवढ्यात बी पेरून, पान पिकवून, चिरूट वळून ताराचंदकडून होकार आणला तर पुढचं बोलायला तोंड राहणार. नाही तर त्या जमिनीत तीस वर्षांसाठी संत्री उभी राहणार आणि पंचफुला जन्मभर छाटवाल्यापुढे बसणार. हे तिला लख्ख कळत होतं.

सदुसष्टच्या पोळ्यानंतर तिनं वाफे केले. तंबाखूचं बी इतकं बारीक की नुसतं फेकलं तर वाऱ्यावर जातं. तिनं ते राखेत कालवून पेरलं, वर गवत अंथरलं आणि सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी घातलं. दीड महिन्यात वीतभर रोपं झाली, ती पट्टीत लावली. दिवाळीनंतर झाडं कमरेएवढी आली, शेंड्याला गुलाबी फुलं धरली, आणि पंचफुलानं ती सगळी फुलं खुडून टाकली. फक्त चार झाडं बियाण्यासाठी राखली.

तुळसाबाई शेताच्या बांधावर, धुऱ्यावर उभी राहून ओरडली, "फुलं तोडून राह्यली! डोस्कं फिरलं का वं तुयं?"

"फूल ठेवलं तं पान बारीक पडते, बाई. झाडाचा सारा जोर पानात गेला पायजे."

जोर पानात गेला, पण पानात अळीही गेली. रोज पहाटे ती पानं उलटून अळ्या वेचायची, तरी निम्म्या पानांना भोकं पडली. माघात पानं पिकली. पिकलेलं पान पिवळट होतं, त्यावर डाग धरतात आणि देठापाशी दाबलं की काडकन मोडतं. खालून वर, दोन-दोन पानं अशी तिनं तोडली, दाभणानं सुतळीत ओवली आणि गोठ्याच्या आढ्याला टांगली. उन्हात नाही, उन्हात पान हिरवंच वाळतं आणि कडू राहतं. सावलीत सव्वा महिना लागला. त्या सव्वा महिन्यात बैल शिंकून शिंकून बेजार झाले. नानाजींनी तुळसाबाईकडून निरोप पाठवला की बैलांना सर्दी झाली तर औषध कोण आणणार. पण पानं काढा असं काही ते म्हणाले नाहीत.

मग भोकाची पानं तिनं छाट म्हणून एका पोत्यात घालून ठेवली, आणि चांगल्या पानांच्या जुड्या फळ्यांवर रचून वर ओली गोणपाटं टाकली. तंबाखूला आपल्याच अंगची उष्णता येऊ द्यायची असते. आठव्या दिवशी तिनं राशीत हात घातला तर चटका बसावा इतकी ऊब. सगळी रास मोडायची, बाहेरच्या जुड्या आत, आतल्या बाहेर, पुन्हा रचायची. असं पाच वेळा. पहिल्या खेपेला वास असा उठला की लहानू बाहेर आंगणात जेवायला बसला. पाचव्या खेपेला मात्र त्यानं स्वतःहून नाक आत घातलं. "गुळावानी येऊन राह्यला वं," तो म्हणाला. नागपूरचं मे महिन्याचं ऊन पान कुरकुरीत करून टाकतं, म्हणून घरातली झाडून सगळी पोती भिजवून तिनं राशीभोवती बांधली होती. त्या उन्हाळ्यात घरात माणसांना प्यायच्या पाण्याआधी तंबाखूचं पाणी भरलं जायचं.

पावसाळा लागल्यावर वळणं सुरू झालं. इथं तिला वाटलं होतं की आता आपलं राज्य. पण पहिले वीस चिरूट लहानूनं ओढायला घेतले आणि त्याचे गाल आत गेले, धूर काही येईना. वीस वर्षं विडी आवळलेली बोटं ती! विडी सैल राहिली की नापास. चिरूट आवळला की मेला. पोटातली पानं अशी धरायची की मधून वारा जावा, त्यावर जाड पान गुंडाळायचं, सुताराकडून करून घेतलेल्या दोन लाकडांच्या साच्यात रात्रभर दाबून ठेवायचं, मग सगळ्यात पातळ, बिनभोकाचं पान शीर काढून तिरकं फिरवायचं. बोटांना हे शिकवायला तिला महिना लागला, आणि लहानूला खोकला लागला. ऑगस्ट अर्धा सरला तेव्हा दीडशे चिरूट सुपांत ओळीनं निजले होते. पातळ चांगली पानं तेवढीच होती. ती संपली.

पोळ्याला नऊ दिवस उरले होते. पावसाची झड लागलेली, आणि चिरूट हाताला ओलसर लागत होते. पंचफुलानं एक दाबून पाहिला, दुसरा दाबून पाहिला, सगळे तसेच. ओली विडी कारखाना घेत नाही. विडी वळून झाली की भट्टीत शेकायची, खडखडीत झाली की कट्टे बांधायचे. लहानपणापासून तिनं हेच पाहिलं होतं. तिनं शेगडी पेटवली, निखारे राखेनं झाकले, वर पत्रा ठेवला आणि दीडशेच्या दीडशे चिरूट त्यावर मांडले. चिरूट भाजू नये असं पत्रात कुठं लिहिलेलं नव्हतं. चिरूट भाजायची गोष्ट दिंडीगलात कुणाच्या स्वप्नातही आली नसती.

अर्ध्या तासानं बारीक तडतड ऐकू आली. पंचफुला धावली. वरची पानं एकेक करून उलत होती, देठापासून तोंडापर्यंत. तिनं हात भाजत पत्रा खाली ओढला तोवर एकही धड राहिला नव्हता.

ती रडली, अगदी मोठ्यानं रडली. शेजारच्या बाया गोळा झाल्या. लहानू घरी आला, त्यानं पाहिलं आणि शेगडी उचलून बाहेर नेऊन ठेवली. चूक तिची होती, तिला माहीत होती, आणि ती दुसऱ्या कुणावर ढकलायची सोयही नव्हती. एक वर्ष तिनं त्या पानांना लेकरांपेक्षा जपलं होतं आणि अर्ध्या तासात आपल्या हातानं भाजून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी तेंदूपत्ता कापायला बसली. कारखान्याच्या विड्या तर द्यायच्याच होत्या. पत्ता त्या खेपेला वाईट आला होता, डागाळलेला, किडका. पत्र्याचा साचा ठेवून ती कातरी चालवत होती. भोक आलं की साचा जरा वळवायचा, शीर आली की सरकवायचा. ज्या पानातून दुसरीला एक तुकडा निघतो त्यातून पंचफुला दोन काढायची. चार-पाच पानं कापून झाली आणि तिचा हात थांबला. ती उठून गोठ्यात गेली आणि छाटीचं पोतं ओढून आणलं.

भोकाची पानं ती. पण भोकं काही पानभर नव्हती. ओल्या फडक्यात रात्रभर मऊ करून ती एकेक पान उजेडासमोर धरू लागली. दोन भोकांच्या मधून, शिरेच्या अंगाअंगानं, लांब तिरकी पट्टी कुठून निघते ते डोळ्यांनीच मापायची आणि मग कातरी लावायची. दहा पानांतून एक पट्टी निघायची, कधी वीस पानांतून. उललेले चिरूटही तिनं ओल्या गोणपाटात ठेवून नरम केले, वरची फुटकी पानं सोलली आणि नव्या पट्ट्या चढवल्या. सहा दिवसांत चाळीस चिरूट झाले. या खेपेला शेगडीकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. चिरूट लाकडी डब्यात घातले आणि झाकण लावलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी ती लहानूच्या सायकलीवर मागं बसून सदरला गेली. डबा मांडीवर. दुकानात ती उभीच राहिली; ताराचंदनं बस म्हटलं तरी बसली नाही.

ताराचंदनं एक उचलला, कानाशी धरून बोटांनी हलका दाबला, नाकाखालून फिरवला, टोक कापलं, पेटवला. मग गल्ल्यामागं खुर्चीत टेकून ओढत राहिला. एक गिऱ्हाईक येऊन गेलं, दुसरं येऊन गेलं. राख बोटभर झाली तरी पडत नव्हती. पंचफुला त्या राखेकडे बघत होती. अर्धा झाला, पाऊण झाला. विडी एवढा वेळ कुणी ओढत नाही. पाय दुखायला लागले, आणि तरी तिला वाटत होतं की हा चिरूट आणखी लांब असता तर बरं झालं असतं.

शेवटचं थोटूक ताराचंदनं ठेवलं. "सुरवातीले तिखट हाये," तो म्हणाला. "पान अजून कच्चं हाये, एक साल और ठेवा लागते. पर जळते सरळ. वास चांगला. बाई, खरं सांगू का? मी तोंड वाकडं कराच्या तयारीनंच बसलो होतो." आणि त्यानं उठून डबा काचेच्या कपाटात ठेवला, दिंडीगलच्या डब्यांच्या शेजारी. "पर चाळीसनं काय होते? आज ज्याले आवडला तो पुढल्या महिन्यात मांगन. दरसाल पीक पायजे, यंदाचं पान पुढल्या साली. तसं जमते का बोला."

तसं जमवायचं तर पट्टी कायमची हवी.

परत येताना हिंगण्याच्या बसथांब्यापाशी लहानूनं बोट दाखवलं. काटोलची कलमं सकाळीच उतरली होती, मुळांना माती आणि गोणपाट बांधून. नानाजींनी ती गाडीत भरून कधीच वावरात नेली होती. थांब्यावर फक्त सांडलेली माती होती.

पंचफुला घरी गेली ती थेट जावेकडे. "बाई, निरोप नेता का?"

तुळसाबाईनं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मान फिरवली. "हा निरोप मी नाई नेत. त्यायची संत्री मी कोन्या तोंडानं मांगू? तुले पायजे तं तू मांग."

लहानूनं जायला हवं होतं. पण लहानू भावासमोर उभा राहिला की घोट गिळण्यापलीकडे काही करत नसे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पंचफुलानं पदर डोक्यावर घेतला, घरी मागं ठेवलेला एक चिरूट कागदात गुंडाळला आणि नाल्याकडे निघाली.

नानाजी बैल धूत होते. कलमं धुऱ्यावर ओळीनं उभी केलेली. ती दहा हातांवर थांबली. 

"मी बोलून राह्यली," ती म्हणाली. "दुकानदारानं चिरूट ठेवून घेतले. दरसाल मांगते. मले हे पट्टी पायजे. एका सालासाठी नाई, नेहमीसाठी."

नानाजींचा हात बैलाच्या पाठीवर थांबला. त्यांनी वळून पाहिलं नाही. बैलालाच म्हणाले, "आयकलं का गा तांबड्या? पंधरा वर्सं लोकायची संत्री तोडली. आता माही कलमं आली, तं कोनी म्हणते जमीन द्या."

पंचफुलाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हलली नाही. "मले मालूम हाये," ती म्हणाली. "म्हणूनच मी सोता आली. निरोपानं मांगाची गोष्ट नाई हे." आणि तिनं पुढं होऊन चिरूट कागदासकट दगडावर ठेवला. "आधी वढून पाहा. मंग नाई म्हणा."

नानाजींनी हात धोतराला पुसले. दगडावर बसले. चिरूट दोनदा पेटवला तेव्हा धरला. मग तेही ताराचंदसारखे ओढत राहिले, कधी कलमांकडे बघत, कधी पट्टीकडे. बैल अर्धेच धुतलेले, नाल्यात उभे. पंचफुलाही उभी. चिरूट बोटाला चटका देईपर्यंत नानाजींनी तो सोडला नाही.

"दहा कलमं विहिरीपाशी लागतील," ते अखेर म्हणाले. या वेळी बैलाला नाही. तिच्याकडे बघत. "बाकीची मी काटोलले वापस नेतो. पंचफुला, तुया रोपाचा वाफा कुठं धराचा?"

"त्या वरच्या अंगानं. तथी पानी थांबत नाई."

"तथी सावली पडते संध्याकाळची. इकडं धर."

"सावली पायजेच जी लहान रोपाले."

"कोन म्हणते?"

"मी म्हणते. एक साल केलं ना मी."

दोघांचे आवाज चढत चालले होते. तेवढ्यात बैलांना काय झालं ते बघायला आलेली तुळसाबाई धुऱ्यावर येऊन थबकली. तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा जावेकडे, आणि कमरेवर हात ठेवला.

"अठरा वर्सं मी इकडून तिकडं पाय झिजवले," ती म्हणाली, "आन तुमाले एवढं बोलता येत होतं!"